उबुंटू १८.०४ वर उबुंटू प्रो: काम चोख, पण तो २.४.२९ डोकं खातो

नागपुरातल्या मस्कासाथच्या एका ठोक किराणा पेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. सिस्टिम उबुंटू लिनक्स १८.०४, बिलिंगचं सॉफ्टवेअर पीएचपी ७.२ या भाषेवर, पोरं गावोगावहून मोबाइलवर ऑर्डर टाकतात म्हणून अपाचे, म्हणजे वेबपानं देणारा प्रोग्राम, इंटरनेटवर उघडा. मागच्या महिन्यात हा सर्व्हर 'नापास' झाला. बंद पडला नाही, आत कुणी घुसलंही नाही. ज्या बड्या कंपनीचा माल ही पेढी विदर्भभर पाठवते, त्या कंपनीच्या सुरक्षावाल्यांनी बाहेरून स्कॅन मारला आणि लालेलाल पीडीएफ पाठवली. पहिल्याच पानावर: अपाचे २.४.२९, जुनी आवृत्ती, अतिगंभीर.

सेठचा फोन. "भाऊ, तुम्ही तं म्हणत होते अपडेट होऊन रायलं. मंग हे काय आलं?"

होऊनच रायलं होतं. त्याच आठवड्यात अपाचेचा सुरक्षा अपडेट बसला होता. म्हणून बसलो हे लिहायला.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १८.०४ चे नेहमीचे फुकट अपडेट ३१ मे २०२३ ला संपले. नव्या उबुंटू २२.०४ वर जायचं तर पीएचपी ८.१ येतं, आणि आमचं बिलिंग आयनक्यूब या कोड लपवणाऱ्या टूलने कुलूपबंद केलेलं, ७ च्या काळातलं, ८.१ वर ते उघडतच नाही. ज्याने बनवलं तो म्हणतो नवी आवृत्ती घ्या, दीड लाख, एएमसी (वार्षिक देखभाल) वेगळा. सेठने तो आकडा ऐकून गल्ल्याचा ड्रॉवर लावून घेतला. मग राहिलं उबुंटू प्रो, म्हणजे याच १८.०४ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट. पाच मशीनपर्यंत फुकट, स्वतःच्या छोट्या धंद्यालाही चालतं. फक्त एक करा: खातं पेढीच्या मालकाच्या नावाने काढा. पाच मशीनची सवलत ज्याचा धंदा त्याला आहे. आपल्यासारख्या दहा ठिकाणी फिरणाऱ्याने स्वतःचं टोकन (खात्याची चावी) सगळीकडे चिकटवायला नाही.

प्रोबद्दल माझं मत सुरुवातीला वाईटच होतं. एप्ट अपग्रेड, म्हणजे अपडेट बसवायची कमांड, मारला की खाली ओळ यायची, इतक्या पॅकेजेसचे अपडेट प्रो घेतलं तर मिळतील. टर्मिनलमध्ये जाहिरात! घरच्या टीव्हीवर चालवून घेतो, पण सर्व्हरवर रूट (सर्वाधिकारी) म्हणून बसल्यावर कुणी मला माल विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या रागात काही दिवस घेतलंच नाही.

घेतल्यावर राग बराच निवला. टोकन टाकून 'प्रो अटॅच' केलं की पॅकेजेसच्या वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेटच्या (ईएसएम) दोन गोष्टी चालू होतात. ईएसएम-इन्फ्रा हे मुख्य भांडारातल्या सुमारे २,३०० पॅकेजेससाठी, ईएसएम-अ‍ॅप्स हे युनिव्हर्स या दुसऱ्या भांडारातल्या २३,००० च्या वर पॅकेजेससाठी. अपाचे, पीएचपी, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचं) पहिल्यात. बाकी रोजचं काम आपोआप अपडेट बसवणारा अनअटेंडेड-अपग्रेड्स रात्री करून मोकळा होतो. यात लिहिण्यासारखं फार नाही आणि तेच त्याचं कौतुक.

लाइव्हपॅच मात्र मनापासून आवडला. पेढीचं मशीन जुनं टॉवर आहे. रीस्टार्ट केलं की रॅम मोजतं, मग डिस्क सांभाळणारं रेड (RAID) कार्ड आपलं नाव-गाव सांगतं, मग कुठे उबुंटू. दिवाळीच्या आधी ट्रक दारात उभे असताना मुनीमजींना 'पाच मिनिटं थांबा' म्हणून बघा. लाइव्हपॅचमुळे कर्नेलमधली, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातली, गंभीर भोकं चालू मशीनवरच बुजतात. अर्थात फक्त कर्नेलची. ओपनएसएसएलचा अपडेट आला तर त्याच्यावर चालणाऱ्या सर्व्हिसेस पुन्हा सुरू कराव्या लागतातच, आणि अधूनमधून रविवारी पूर्ण रीस्टार्टही देतो. नागपूरच्या मे महिन्यात लाइन जाते आणि यूपीएसची बॅटरी दम सोडते तेव्हा तो रीस्टार्ट आपोआप होतो, ती गोष्ट वेगळी.

एक किरकोळ कटकट: ज्यांचं बूट पार्टिशन (डिस्कवर कर्नेल राहतो तो भाग) वेगळं आणि लहान आहे त्यांनी जुने कर्नेल साठू देऊ नका. ते भरलं की नवा कर्नेल अर्धवट बसतो आणि एप्ट पुढे सरकत नाही. जुनं काढून टाकणारं एप्टचं ऑटोरिमूव्ह मारत राहा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आवृत्तीचा आकडा.

उबुंटूवाले जुन्या सिस्टिमवर नवं अपाचे आणून बसवत नाहीत. नव्या आवृत्तीत जे भोक बुजवलं, तेवढाच तुकडा उचलून जुन्या कोडमध्ये बसवतात. त्यामुळे काही मोडत नाही, आमचं कुलूपबंद बिलिंगही चालत राहतं. पण नाव राहतं २.४.२९. खरी ओळख त्याच्या मागच्या शेपटीत असते, ज्यात 'प्लस ईएसएम' आणि पुढे क्रमांक असतो. बाहेरून विचारलं तर अपाचे ही शेपटी सांगत नाही, नुसतं '२.४.२९, उबुंटू' म्हणतो. इंजिन नवं टाकलं तरी आरसी बुकावर गाडी २०१८ चीच, तसं. आणि स्कॅनर नुसतं आरसी बुक वाचतो.

मी त्या सुरक्षावाल्या पोराला मेल लिहिला. 'एप्ट चेंजलॉग अपाचे२' ची सगळी यादी जोडली, त्यात एकेक सीव्हीई क्रमांक (भोकाचा अधिकृत नंबर) आहे. उत्तर: कृपया ताज्या आवृत्तीवर अपग्रेड करा. मग उबुंटूची ओव्हल फाइल (माहीत असलेल्या भोकांची यादी) उतरवून ओपनस्कॅप या तपासणीच्या प्रोग्रामने रिपोर्ट काढला. कोणतं भोक बुजलं आणि कोणतं नाही हे तो मशीनच्या आत बसून तपासतो. उत्तर: आमचं टूल हा फॉरमॅट घेत नाही. 'प्रो फिक्स' ला सीव्हीई क्रमांक देऊन 'बुजलेलं आहे' असं सांगणारा स्क्रीनशॉट पाठवला. उत्तरच नाही.

गंमत बघा. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या प्रोग्रामचं, 'रिग्रेशन' भोक गाजलं, रूटपर्यंत नेणारं. ते ८.५ पासून पुढच्या आवृत्त्यांत होतं. आमचा ७.६, त्यात ते नाहीच. म्हणजे त्या दिवशी म्हातारपण कामी आलं. याच पोराच्या पीडीएफमध्ये ७.६ सुद्धा लाल.

शेवटी सेठ वैतागले. "लाल रंग गेला पायजे, बाकी मले माहीत नाही." बरोबरच आहे त्यांचं, माल अडला असता. मी अपाचेच्या सिक्युरिटी कॉन्फमध्ये सर्व्हरटोकन्सची किंमत 'प्रॉड' केली. एक ओळ. आता बाहेरून विचारलं की तो फक्त 'अपाचे' म्हणतो, आकडा सांगत नाही. पुन्हा स्कॅन झाला आणि अपाचेच्या ओळी गायब! मेल आला, 'दुरुस्तीबद्दल धन्यवाद'. महिनोन्‌महिने बसवलेल्या पॅचेसना शून्य मार्क, आकडा झाकल्यावर पास. मला आनंद झाला की राग आला, अजून ठरलं नाही.

म्हणून माझं मत मधेच थोडं बदलून लिहितो. वर मी जाहिरातीवर चिडलो होतो. ती आता माफ. पण उबुंटू बनवणाऱ्या कॅनोनिकलने एक कागद द्यायला हवा होता: या मशीनवर आज अमुक तारखेपर्यंतचे अपडेट आहेत, असं एका पानात, सेठला आणि त्या पोराला दोघांनाही कळेल असं. 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' चांगलं आहे, पण ते माझ्यासाठी आहे. छोट्या धंद्यात अपडेट घेणं फुकट झालं, घेतलेत हे पटवून देणं महाग आहे, त्याचे तास मी बिलात लावू शकत नाही.

घ्यावं का? ज्यांचं सॉफ्टवेअर नव्या पीएचपीवर चालतं त्यांनी सरळ नवीन उबुंटूवर जावं, उगाच १८.०४ ला कवटाळू नये. आमच्यासारखे अडकलेले असाल तर घ्या, दीड लाखाचा निर्णय २०२८ पर्यंत ढकलता येतो. प्रो सगळं झाकतं असं मात्र समजू नका. आमच्या मशीनवर ते कुलूप उघडणारी आयनक्यूब लोडरची फाइल हाताने टाकलेली आहे. ती उबुंटूच्या भांडारातली नाही, तिचे अपडेट एप्ट आणत नाही, आणि त्या लालेलाल पीडीएफमध्ये तिचं नावही नव्हतं. ती मी अधूनमधून त्यांच्या साइटवरून नवी उतरवून बसवतो आणि अपाचे पुन्हा सुरू करतो.