टोकियोत कँटोनीज, माल जपानी: आठ महिन्यांत पाच जेवणं

टोकियोतलं हे कँटोनीज रेस्टॉरंट फक्त आठ जणांचं. हात हाँगकाँगच्या पद्धतीचा, मासळी-मांस-तांदूळ जपानी. माणशी 35,000 येन जातात, म्हणून एका जेवणावर मत द्यायचं मनाला पटेना. फेब्रुवारी ते सप्टेंबर पाच वेळा जेवलो, मग लिहायला बसलो.

आधी सुकवलेला अबॅलोनी, कारण मी परत परत जातो तो त्याच्यासाठीच. शंखाच्या जातीचा हा जीव इवाते प्रांताच्या सानरिकू किनाऱ्यावरचा. तिथल्या योशिहामाच्या मालाला हाँगकाँगमध्ये फार मान. एदो काळातही, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, नागासाकी बंदरातून सुकवलेला अबॅलोनी, सुकवलेली समुद्रकाकडी (हाही समुद्रातला जीवच) आणि शार्कचे पर गवताच्या पोत्यांत भरून चीनला जात. त्यामुळे या जेवणाला कुणी फ्युजन म्हटलं की मला राग येतो. हा जुना व्यवहार आहे, फक्त चूल आता टोकियोत पेटते.

भाव ठरतो तो एका कॅटीत, म्हणजे सुमारे 600 ग्रॅममध्ये, किती नग बसतात त्यावर. नग जितके कमी, तितका एकेक मोठा आणि महाग. आधी दिवसचे दिवस भिजवायचा, मग कोंबडी, डुकराचं मांस आणि हॅमच्या रश्शात तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचा. ताटात एकच येतो. सुरी कडेला सहज जाते, मधोमध मात्र चिकटते, चिक्कीचा पाक गोळीबंद होण्याआधी चमच्याला चिकटतो तशी. मी रत्नागिरीचा, सोड्यांच्या खिचडीवर वाढलेला. सुकवल्यावर चव आटत नाही, मुरते, हे मला कुणी समजावायला नको. तरी पहिल्या घासाला मी गप्प झालो.

माशाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. कँटोनीज वाफवलेला मासा टाकीतून जिवंत काढून लगेच भांड्यात जातो. जपानी पद्धतीत मासा इकेजिमे करून, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू निकामी करून, रक्त काढून, एखाददोन दिवस मुरवतात. चव वाढते, पण तो ताजा लुसलुशीत ताण जातो. मार्चमध्ये कुए, म्हणजे आपल्या हेकरूचा भाऊबंद, सुरेख जमला होता: काट्यालगत मांस किंचित गुलाबी, वर आलं, कांद्याची पात आणि चर्रकन ओतलेलं कडकडीत तेल. जूनमध्ये तोच मासा कोरडा आला. मी सांगितलं, त्यांनी माफी मागितली, पण बदलून दिला नाही. एवढ्या पैशांत हे चालणार नाही.

एक्सओ सॉस म्हणजे वाळवलेल्या समुद्री मालाचा तिखट, तेलकट हाँगकाँगी सॉस. त्यातले उत्तर जपानातल्या होक्काइदोचे वाळवलेले स्कॅलप, म्हणजे एका जातीचे शिंपले, झकास. तोच सॉस वाग्यूवर, म्हणजे चरबीदार जपानी गोमांसावर, घातला की दोन्ही वाया: चरबीवर तेल. मातीच्या भांड्यातल्या भातालाही जपानी तांदूळ मला रुचला नाही, दाणा दाण्याला चिकटतो. खरपुडी मात्र छान धरते, ती मी खरवडून खाल्ली.

जाणार असाल तर दुपारचं छोटं जेवण घेऊ नका, त्यात अबॅलोनी नसतो. रात्रीचं घ्या आणि टेबल ठरवतानाच अबॅलोनी हवा म्हणून सांगा. आयत्या वेळी मागितला तर मिळत नाही, मला दुसऱ्या खेपेला मिळाला नव्हता.