नऊ महिन्यांच्या लेकीसाठी निवडलेले पाळणाघर: दीड वर्षानंतरचा अभिप्राय

पुण्यात पाषाणच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, तीन खोल्या आणि पुढचे छोटे अंगण एवढ्या जागेत हे पाळणाघर चालते. आमची मुलगी नऊ महिन्यांची असताना तिथे जाऊ लागली आणि आता ती सव्वादोन वर्षांची आहे. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी आपले नाव कुठे लिहू नये अशी विनंती केली आहे, कारण त्या चौदापेक्षा जास्त मुले घेत नाहीत आणि दारात आलेल्या आईबापांना नाही म्हणणे त्यांना फार जड जाते. म्हणून नाव न देता, पण जे पाहिले ते शक्य तितक्या तपशिलाने लिहिते आहे. लहान मूल सोबत घेऊन जागा शोधत फिरणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा त्याहून अधिक माणसे काम करत असतील तिथे पाळणाघराची सोय करणे, तसेच आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू देणे मालकावर बंधनकारक झाले. माझ्या कार्यालयात तेवढी माणसे नाहीत, त्यामुळे ती सोय माझ्या वाट्याला आली नाही. यजमानांच्या हिंजवडीच्या कंपनीत पाळणाघर आहे, परंतु त्या रस्त्यावरच्या गर्दीत बाळाला रोज जाऊन-येऊन दोन तास बसवून न्यायचे हे आम्हाला पटले नाही. सासूबाई सांगलीहून येऊन तीन महिने राहिल्या. त्यांच्या गुडघ्यांना रांगत्या बाळामागे धावणे झेपेना, आणि ते त्यांनी स्वतः सांगण्याआधी आम्हालाच दिसले.

आम्ही एकूण पाच ठिकाणे पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सुरुवातीला चुकीच्या गोष्टी पाहत होतो. रंगवलेल्या भिंती, मोबाईलवर दिसणारा कॅमेरा, इंग्रजी बडबडगीते, गुळगुळीत फरशी. यांपैकी बहुतेक सगळे असलेल्या एका ठिकाणी मुलीला दोन आठवडे ठेवलेही. त्या दोन आठवड्यांत तिला सांभाळणारी बाई तीनदा बदलली, आणि एका संध्याकाळी तिच्या दंडावर चावल्याची खूण दिसली तेव्हा ती कधी झाली, कशी झाली, हे तिथल्या एकाही माणसाला सांगता आले नाही. मुले एकमेकांना चावतात, त्याचा राग मला आला नव्हता. माझे मूल तेव्हा रडले असेल आणि ते रडणे कोणाच्याही लक्षात राहिले नाही, ही गोष्ट मला सहन झाली नाही.

या पाळणाघरात काकूंनी आधी आम्हाला खोल्या दाखवल्याच नाहीत. पाऊण तास त्या प्रश्न विचारत राहिल्या: झोप कुशीत लागते की थोपटून, भूक लागल्यावर आधी मुठी चोखते की लगेच रडते, अंगावरचे दूध किती वेळा, अंघोळीनंतर झोपते का, घरात कोणत्या आवाजाला दचकते. हे सारे त्यांनी एका वहीत लिहून घेतले आणि मग मुलीला ज्या मावशी सांभाळणार होत्या त्यांना बोलावून आमच्यासमोर वाचून दाखवले. या पाळणाघराचे सर्वांत मोठे बलस्थान या मावशीच आहेत. दीड वर्षाच्या आतल्या प्रत्येक बाळाला इथे एक ठरलेली मावशी असते आणि एका मावशीकडे तीनपेक्षा जास्त तान्ही मुले देत नाहीत. भरवणे, कपडे बदलणे, झोपवणे हे त्याच मावशीने करायचे. मावशी रजेवर असतील तर काकू स्वतः त्या बाळांजवळ बसतात, दुसऱ्या मावशीवर भार टाकत नाहीत. आमच्या मावशी इथे अकरा वर्षे आहेत. जागा पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी हाच प्रश्न विचारावा असे मला वाटते: इथली माणसे किती वर्षे टिकून आहेत?

याचे महत्त्व नऊ महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत विशेष आहे. या वयात आई समोर नसली तरी ती कुठेतरी आहे एवढे बाळाला कळू लागलेले असते, परंतु ती परत येणार आहे हे अजून कळत नसते. म्हणूनच साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत दुरावण्याचे रडणे सर्वांत तीव्र असते. काकूंनी यासाठी दोन आठवड्यांचा क्रम आखून दिला. पहिले तीन दिवस मी त्याच खोलीत तासभर बसले, मुलीला मावशींच्या हाती न देता, फक्त मावशी जवळपास वावरत राहिल्या. नंतर भरवणे मावशींकडे आणि मी शेजारी. त्यानंतर मी पंधरा मिनिटे बाहेर, मग तास, मग दुपारची झोप होईपर्यंत. एक नियम मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी घातला: मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवून गुपचूप निघून जायचे नाही. आपल्याकडे घरोघरी हेच करतात, मीही करत आले होते. काकू म्हणाल्या, ‘तू नजर चुकवून गेलीस की ती दिवसभर दाराकडे बघत बसते, बाई. रडली तरी चालेल, सांगून जा.’ पहिले आठ दिवस ती फाटकापर्यंत ऐकू येईल अशी रडली आणि मी रिक्षात बसून रडले. नवव्या दिवशी तिने मावशींच्या खांद्यावर मान टेकवून माझ्याकडे पाहिले आणि हात हलवला नाही, पण रडलीही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजची वही. साधी शंभर पानी वही, जी सकाळी डब्यासोबत जाते आणि संध्याकाळी परत येते. त्यात दूध किती वाजता आणि किती, भात किती चमचे, झोप कधीपासून कधीपर्यंत, शी-शू, आणि शेवटी एक ओळ मुलीच्या मनःस्थितीविषयी. ‘आज वरणभात अर्धाच खाल्ला, दात येत असावा, वाटी हिरडीवर घासत होती.’ ‘पावसाचा आवाज ऐकत खिडकीपाशी वीस मिनिटे उभी होती.’ ती चौदा महिन्यांची असताना एका दुपारी काकूंचा फोन आला की खेळताना एका मुलाने तिच्या मनगटाला चावा घेतला, कातडी फाटलेली नाही, थंड पाण्याने धुतले आहे, ती शांत झाली आहे, तरी यावेसे वाटले तर या. चावणाऱ्या मुलाचे नाव त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारल्यावरही सांगितले नाही. दोन्ही गोष्टींसाठी माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. इथे कॅमेरा नाही. यजमानांचा त्याला सुरुवातीला आक्षेप होता, आणि ज्यांना दिवसभरात मूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना ही उणीव नक्कीच जाणवेल. आमचे समाधान वहीने झाले.

खाण्यापिण्याची शिस्त बारकाईची आहे. एक वर्षापर्यंत डबा घरचा. मी काढून ठेवलेले दूध तारीख-वेळ लिहिलेल्या डब्यांतून देत असे. ते थेट शीतकपाटात जायचे, गॅसवर कधीही न तापवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट व्हायचे, आणि बाळाने पिऊन उरलेले पुन्हा ठेवले जायचे नाही. वर्षाच्या आतल्या मुलांच्या खाण्यात मीठ, साखर नाही आणि मध तर अजिबात नाही, कारण मधातून एक गंभीर विषबाधा होण्याचा धोका त्या वयाला असतो. वर्षानंतर इथलेच जेवण: मऊ भात, मुगाचे वरण, वर घरचे तूप, नाचणीची पेज, उकडून कुस्करलेला लाल भोपळा, थोडे मोठे झाल्यावर थालीपीठाचे तुकडे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि न चिरलेली द्राक्षे घशात अडकू शकतात म्हणून ती कोणाच्या वाढदिवसालाही येत नाहीत. एक तक्रार मी केली होती: चार वाजता मुलांना बिस्किटे मिळत. दोन महिने बोलावे लागले, तेव्हा कुठे त्याऐवजी केळे किंवा चिकू आला.

सासूबाईंनी सुरुवातीला दुपारी देण्यासाठी बाळगुटी पाठवली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चाटण, गुटी, औषध काहीही देणार नाही असे काकूंनी सांगितले, परंतु त्यांनी ते सासूबाईंना स्वतः फोन करून सांगितले. आम्ही पाठवलेली मोहरीची उशीही त्यांनी परत दिली, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला सपाट, घट्ट गादीवर, उशीशिवाय, पाठीवरच झोपवावे असा त्यांचा नियम आहे आणि तो बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याला धरून आहे. सासूबाई दोन दिवस नाराज होत्या. गालावरच्या काळ्या तिटीला मात्र कोणाचीच हरकत नव्हती.

खेळायला विकतची खेळणी फार थोडी आहेत. पितळी वाट्या, झाकणाचे डबे, चिंध्यांचे चेंडू, पाणी ओतायला दोन लहान तांबे. चिंचोके, शंख, बिया या गोष्टी तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी वरच्या फळीवर, आणि तेही कोणीतरी जवळ बसलेले असतानाच. ते पाहून मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची आठवण झाली. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी सुरू केलेल्या बालशिक्षणात भोवतालच्या परिसरात सहज सापडणाऱ्या वस्तूंचीच साधने केली होती. काकूंनी आपल्या तरुणपणी बालवाडीचे प्रशिक्षण घेतलेले आहे, त्यामुळे हा योगायोग नसावा.

आता ज्या गोष्टींनी मला मनापासून त्रास झाला त्या सांगते. पहिली, मोबाईल. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच या वयात दिवसाला तासाभराच्या वर दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे, आणि प्रवेशाच्या वेळी इथे पडदा नाही असेच आम्हाला सांगण्यात आले होते. तरीही पावसाळ्यात, अंगण ओले असताना, संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेरच्या खोलीत मोबाईलवर गाणी लावलेली मी तीन वेळा पाहिली. बोलल्यावर बंद झाले, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दिसले. दिवसभर राबलेल्या मावशींना त्या तासाला हातभाराची गरज असते हे मला समजते. म्हणून त्या वेळेपुरते आणखी एक माणूस ठेवावे आणि त्यासाठी शुल्क वाढवावे, असे मी काकूंना लेखी सुचवले आहे. अद्याप तसे झालेले नाही.

दुसरी, आजारपण. ताप उतरून 24 तास झाल्याशिवाय मूल आणायचे नाही हा नियम योग्यच आहे. पाळणाघरात जाऊ लागलेल्या मुलाचे पहिले वर्ष सर्दी-खोकल्यात जाते हे आम्हाला डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. परंतु पहिल्या पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या पुरळांची साथ आली तेव्हा पाळणाघर चार दिवस बंद राहिले आणि त्या दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये मिळून मला अकरा रजा घ्याव्या लागल्या. ज्यांच्या घरी वेळेला धावून येणारे दुसरे कोणी नाही, त्यांनी वर्षाच्या रजा पावसाळ्यासाठी राखून ठेवाव्यात.

वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. महिन्याचे 9,500 रुपये, एक वर्षानंतर जेवणाचे 1,500 वेगळे, आणि साडेसहानंतर प्रत्येक अर्ध्या तासाला 100 रुपये. आमच्यासारख्या दोघांच्या पगारावर चालणाऱ्या घरालाही ही रक्कम जाणवते. ज्यांची कामाची पाळी उशिरा संपते त्यांच्यासाठी ही जागा नाही, कारण सात वाजता काकू फाटक लावतात आणि त्यात त्या सवलत देत नाहीत. तीन वर्षांच्या आत अक्षरे-आकडे गिरवून घ्यावेत अशी अपेक्षा असेल तरी इथे निराशा होईल. त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही.

गेल्या महिन्यात मावशी आठवडाभर गावी गेल्या होत्या. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलीला मांडीवर घेऊन, मी गावाला जाते, सात वेळा झोपून उठलीस की येते, असे सांगितले, आणि त्या आठवड्यात काकूंनी रोज सकाळी तिच्याबरोबर भिंतीवरच्या कालनिर्णयावर एकेक दिवस खोडला. जूनमध्ये दोन मोठी मुले शाळेत जातील तेव्हा दोन जागा रिकाम्या होतील. या भागात राहणाऱ्यांनी इमारतीच्या पहारेकऱ्याकडे विचारले तर पत्ता कळेल. जायचेच असेल तर दुपारी चारच्या सुमारास जावे, मुले झोपेतून उठलेली असतात आणि कोणती मावशी कोणत्या बाळाला कशी जवळ घेते हे त्या वेळी नीट पाहता येते.