लातूरचं पत्र्याचं दुकान: वादळात छप्पर गेल्यावर इथून काम करून घेतलं, त्याचा अनुभव

मे महिन्यात आमच्या गावावरनं जे वावधान गेलं त्यात माझं अख्खं छप्पर गेलं, पत्रे पाइप सगळं. चार-साडेचारची वेळ, आधी वारा एकदम पडला, पान हलेना, मग उगवतीकडून मातीची भिंतच चालत यायलीय असं दिसलं. माय ओरडली दार लाव, मी पळालो पण कडीच बसेना आन तेवढ्यात वर कडाकडा आवाज होऊन घरात लख्ख उजेड पडला. तो उजेड अजून डोळ्यापुढून जात नाही. पत्रा उडू नये म्हणून वर दगडं ठेवली होती, त्यातला एक पाळण्यात पडला, लेकरू मायच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. दहा मिनिटांत खेळ खलास, मग गारा. गावात सगळे टोर्नॅडो म्हणायलेत, टीव्हीवर अमेरिकेतला दाखवतात तसा सोंडेसारखा ढग मी बघितला नाही, पण आमचे पत्रे कागदासारखे चुरगळून दोन शेतं पलीकडं लिंबाला गुंडाळलेले मी स्वतः काढलेत.

आमचा औसा तालुका, किल्लारी ह्याच तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती आन माळवदं झोपलेल्या माणसांवर पडली, तवापासून मायला डोक्यावर जड काही नको. म्हणून पत्रे. स्लॅबचं नाव काढलं की ती रडते, मग पुन्हा पत्रेच घ्यायचे पण नीट बसवायचे, हे ठरवून लातूरला गेलो.

ह्या दुकानाची खरी किंमत त्यांच्या मिस्त्रीत आहे. माप घ्यायला घरी आला तर आधी पत्र्याचं बोललाच नाही, भिंतीवर चढला आन म्हणाला, दादा तुमचे पाइप नुसते विटांवर टेकवलेले होते, भिंतीला बांधलेलेच नव्हते. वारा वरून जाताना छप्पर वर ओढतो, दार उघडं राहिलं की आत शिरून खालून ढकलतो, दगडानं काय होणार. वळचण दोन फूट बाहेर काढली होती ती पण त्यानं कमी करायला लावली, वारा तिथंच हात घालतो म्हणे. मग भिंतीवर काँक्रीटचा पट्टा, त्यात लोखंडी प्लेटा गाडल्या, त्याला पाइप वेल्डिंग, आन पत्र्याला रबरी वॉशरचे स्क्रू, कडेच्या ओळीत तर प्रत्येक उंचवट्यावर एक. एवढे स्क्रू कशाला म्हणून मी वाद घातला, त्यानं ऐकलं नाही ते बरं झालं. जूनच्या सुरुवातीला पुन्हा जोरात वारा आला, शेजारच्या गोठ्याचे दोन पत्रे गेले, आमचा एक हलला नाही. त्या रात्री माय आत झोपली, नाहीतर आभाळ भरलं की ती लेकरू घेऊन समाजमंदिरात जाऊन बसायची.

तक्रार पण सांगतो. दोन दिवसात माल देतो म्हणून नऊ दिवस लावले, तोवर आम्ही ताडपत्रीखाली. आन गाडीतनं पहिल्यांदा 0.35 चा पत्रा उतरवला, पैसे 0.50 एमएमचे घेतलेले. मिस्त्रीनंच कडेला माप लावून दाखवलं, मालकानं गुपचूप बदलून दिला, पण मी बघितलं नसतं तर? पक्कं बिल पण मागितल्यावरच दिलं. जाणाऱ्यांनी जाडी मोजूनच माल उतरवून घ्या, आन काम सुरू करायच्या आधी पडझडीचे फोटो काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, आमच्या भावकीत दोघांनी घाईत डागडुजी केली आन आता दाखवायला काही राहिलं नाही.

पाचपैकी चार, त्यातले साडेतीन मिस्त्रीचे. न्हाणीच्या बाजूला एका स्क्रूतून थेंब पडतोय, फोन केला तर गुरुवारी येतो म्हणालाय.