शेरूला घेऊन कुठे? जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया की न्यूझीलंड

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत वर्षभरात तिघांनी हेच विचारलं: परदेशातल्या नोकरीचं पत्र आलंय, आता कुत्र्याचं काय करू? मी उलट विचारते, थांबायची वेळ आली तर तो कुठे थांबणार, आपल्या घरी की परमुलखात?

भारतात रेबीज आहे. या चारही देशांत कुत्र्यांमधला रेबीज नाही, जपानने तर तो 1957 सालीच संपवला. लागण झालेलं जनावर कित्येक महिने धडधाकट दिसू शकतं, म्हणून नुसतं लशीचं कार्ड तिथे चालत नाही.

जपानला कुत्रा मधे दुसऱ्या देशात न ठेवता थेट भारतातून नेता येतो. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळखक्रमांकाची), मग किमान 30 दिवसांच्या अंतराने रेबीजच्या दोन लशी, मग रक्ततपासणी. लशीमुळे रक्तात तयार होणारी, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला 0.5 आययूच्या (आंतरराष्ट्रीय एकक) खाली नकोत. रक्त काढल्यापासून 180 दिवस थांबायचं, पण तो आपल्याच सोफ्यावर लोळत. पोचायच्या किमान 40 दिवस आधी तिथे कळवायचं. कागद चोख असले तर तपासणी 12 तासांत उरकते, नाहीतर 180 दिवसांपर्यंत कोंडून ठेवतात.

आमची लेक टोकियोला गेली तेव्हा शेरूचं हेच केलं. डॉक्टरांनी आधी लस टोचली, आठवड्याने चिप बसवली. ती लस शून्य धरली गेली आणि सगळं पहिल्यापासून! नंतर प्रत्येक कागदावरचे चिपचे 15 आकडे मी बोट ठेवून वाचायचे. एका दाखल्यावर 9 च्या जागी 6 निघाला. नाशिकच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर भागत नाही, मुंबईच्या सरकारी पशु संगरोध (क्वारंटाइन) केंद्राची मोहोर लागते.

ब्रिटन त्याहून सोपं. चिप, लस, 30 दिवसांनी रक्त, त्यानंतर तीन महिने. पोचण्याआधी 24 ते 120 तासांत पट्टकृमीचं (आतड्यातल्या चपट्या जंताचं) औषध. मात्र विमानाने कुत्रा कार्गोतूनच, म्हणजे मालवाहतुकीतून जातो, आपल्यासोबत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड जिथून कुत्री थेट घेतात त्या मान्य देशांत भारत नाहीच. ब्रिटन, सिंगापूर अशा एखाद्या मान्य देशात सहा महिने काढल्याशिवाय दार उघडत नाही. तिथे त्याला सांभाळणारं हक्काचं माणूस लागतं, तेही प्रेमाने. पुढे किमान 10 दिवस क्वारंटाइन, ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या मिकलहॅमला. 2015 मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेपची दोन कुत्री खासगी विमानातून गुपचूप ऑस्ट्रेलियात आली, तर तिथल्या मंत्र्यांनी परत न्या नाहीतर मारून टाकू असं सुनावलं होतं. न्यूझीलंड बबेसिया गिब्सोनीचीही तपासणी मागतं. हा गोचिडातून येणारा आजार, पावसाळ्यानंतर आपल्याकडे दवाखान्यांत रांगा लागतात तो. त्यात कुत्रा पॉझिटिव्ह आला की वाट बंद.

तरणा कुत्रा, लंडनला भाऊ किंवा बहीण असेल तर मेलबर्नचा घाट घाला. पण कुत्रा दहा-अकरा वर्षांचा आणि नोकरी ऑकलंडची, तर मी त्याला सिन्नरला आजीकडेच ठेवेन.