स्पेनमध्ये बीचसाठी मालागा की व्हॅलेन्सिया?
थंडीला कंटाळून स्पेनला शिफ्ट होताय आणि मनसोक्त पोहायचंय तर सरळ व्हॅलेन्सिया, तिथल्या मालवारोसा बीचची वाळू बारीक, किनारा रुंद, ट्राम जवळपर्यंत जाते आणि ऑगस्टमध्ये पाणी 26 डिग्रीच्या आसपास म्हणजे मस्त कोमट. मालागाला जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं गार पाणी आत येतं, भर उन्हाळ्यातही पहिली डुबकी मारताना अंगावर काटा येतो, वाळूही करडी. पण मालागाचं खाणं! वाळू भरलेल्या होडीत लाकडं पेटवून सळईला ओवलेले सार्डिन म्हणजे आपली तारलीच भाजतात, वर नुसतं मीठ, बास. (भरती-ओहोटी दोन्हीकडे जवळपास नाहीच, कोकणातल्या माणसाला जरा विचित्रच वाटतं.) माझं मत मालागाला, गार पाण्याची सवय होते हो.