सातारा एमआयडीसीतलं गॅरेज, माझं इंजिन वाचलं

घराजवळच्या मेकॅनिकनं ऑइलचं झाकण उघडलं, आत सायीसारखा पांढरट थर, लगेच म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनमधलं ऑइल आणि थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, वेगळं ठेवणारं सील) गेलं, इंजिन खोलावं लागणार, माझं तर धाबंच दणाणलं. मग गाडी इथं आणली. मिस्त्रीनं आधी डिपस्टिक बघितली, ऑइल नॉर्मल, कूलंटपण कमी नाही, तरी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या लिक्विडची टेस्ट लावली, पेट्रोल गाडीत गॅस्केट लीक असेल तर ते पिवळं पडतं, आपलं निळंच राहिलं! पावसात रोज दोनच किलोमीटर गाडी चालते, इंजिन नीट तापत नाही म्हणून झाकणाखाली ओल धरते म्हणाला. थर पुसून कासपर्यंत फिरवून आणली, आता झाकण स्वच्छ. रविवारी मात्र जाऊ नका, नंबरच लागत नाही राव.