गेंड्याची पावली आणि माझे २१,५५० रुपये

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. गेंड्याची पावली, म्हणजे गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशांचं नाणं, माझ्या हातातून किती हजार वेळा गेली असेल, त्याला गणती नाही. रात्री डेपोत हिशेब देताना चाराण्यांचे चार-चारचे गठ्ठे लावायचो, तेव्हा गेंडे एकावर एक उभे राहायचे. म्हणजे हे नाणं दुर्मिळ नाही, हे साताऱ्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्याच पावलीपायी मी २१,५५० रुपये घालवले. थोरल्या भावाला अजून सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

मोबाईलवर एक व्हिडिओ आला. ‘गेंड्याचे २५ पैसे असतील तर दीड लाख रोख.’ माझ्याकडे चहाच्या जुन्या डब्यात मूठभर होते. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आदल्या दिवसापर्यंत बँका बदलून देत होत्या, पण आठवण म्हणून मी थोडी ठेवली होती. नंबरवर फोटो टाकला आणि दहा मिनिटांत फोन.

पोरगा गोड बोलायचा. ‘काका, तुमचं नाणं सिलेक्ट झालं. फाईल बनवायला १,०५० रुपये नोंदणी लागेल.’ भरले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअपवर रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं. वर वाघ आणि ताडाचं झाड, अगदी नोटेवर असतं तसं, खाली गोल शिक्का आणि सही. ‘आता जीएसटीचे ८,५००, ते पेमेंटबरोबर परत मिळतील.’ तेही भरले. मग ‘फाईल आरबीआयमध्ये अडकलीय, एनओसीचे १२,०००.’

खरं सांगायचं तर मला ‘फाईल अडकली’ या शब्दानेच मारलं. स्वतःच्या फंडाच्या पैशासाठी मी वर्षभर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यात. फाईल अडकते आणि पैसे सारले की सुटते, हे आमच्या अंगात मुरलेलं. कुणी ‘लगेच दीड लाख घ्या’ म्हणाला असता तर संशय आला असता. त्रास दिला म्हणून खरं वाटलं!

शिवाय दीड लाखापुढे १,०५० म्हणजे काय? आणि १,०५० गेल्यावर ८,५०० भरले नाहीत तर आधीचे बुडतील, ही भीती. प्रत्येक हप्ता मागचा वाचवायला भरला.

चौथ्यांदा इन्कम टॅक्सचे १८,००० मागितले. तेवढे खात्यात नव्हते, म्हणून वाचलो. अक्कल आली म्हणून नव्हे.

त्याच आठवड्यात पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन होतं. पावली रुमालात बांधून गेलो. एका टेबलावरच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने ती भिंगाखाली धरली आणि सालाच्या आकड्याखाली बघितलं. ‘पत्त्यातल्यासारखी चौकट आहे, म्हणजे मुंबईची टाकसाळ. चांदणी असती तर हैदराबाद, ठिपका असता तर नोएडा, काहीच नसेल तर कलकत्ता.’ मग टेबलाखालून प्लास्टिकची बरणी काढली. नुसते गेंडे! १९८८ पासून पुढे चौदा-पंधरा वर्षं ही स्टीलची नाणी पाडली जात होती, असं तो म्हणाला. ‘दहा-वीस रुपयांत एक नेतात पोरं, वहीत लावायला. छपाई चुकलेली असेल तर गोष्ट वेगळी, पण तिलाही आधी हातात घेऊन बघतो आम्ही.’

मी त्याला पत्राचा फोटो दाखवला. तो म्हणाला, ‘विकणारा तुम्ही आणि पैसे भरणारेही तुम्हीच? मी आजवर कुणाकडून नाणं घेताना त्याच्याचकडून पैसे मागितले नाहीत.’ एवढं साधं. तिकीट देताना पैसे घ्यायचे असतात, हे मी एकतीस वर्षं करत होतो की!

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर सांगितलंय: जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही, आम्ही त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. हे मला नंतर कळलं. आणि जीएसटी कुणा पोराच्या मोबाईल नंबरवर भरायचा नसतो, हे तर आधीही कळायला हवं होतं.

तक्रार करायला मी नऊ दिवस घालवले, निव्वळ लाजेने. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिलं विचारलं, ‘पैसे कधी गेले?’ तासाभरात कळवलं असतं तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता आले असते, म्हणाल्या. माझे तोवर कुठल्या कुठे गेले होते. ज्याच्या बाबतीत घडेल त्याने आधी १९३० लावावा, घरच्यांना काय सांगायचं ते नंतर ठरवावं. आधार कार्डाचा फोटोही मी पाठवला होता. त्याचं बायोमेट्रिक आता पुतण्याने लॉक करून दिलंय.

परवा नव्या नंबरवरून फोन आला. आवाज वेगळा, पण ‘काका’ तेच. ‘तुमची जुनी फाईल सापडलीय, रिफंड मिळेल, फक्त २,००० भरा.’ मी म्हटलं, ‘पुढच्या स्टॉपला उतरा,’ आणि फोन ठेवला.